हिरवी तार आणि कच्चा टाका

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या शिलाईयंत्राच्या खडखडाटातूनही ऐकू जाईल अशा बेताने साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (पायमशीनला मोटर बसवून घे, असं मी गेल्या तीन पत्रांत लिहिलं आणि तिन्ही वेळा तू "बघू" असं उत्तर दिलंस. या "बघू"बद्दल पुढे बरंच लिहायचं आहे, म्हणून आत्ता सोडून देते.) बाबांचा खोकला बरा असेल, आईने चष्मा शोधला असेल आणि तो तिच्या डोक्यावरच सापडला असेल, असं धरून चालते. मी मजेत आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे, म्हणून अक्षर असं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आलंय. काळजी करू नकोस, पट्टी टेम्पररी आहे.

तू परत लिहिलंस की जाकीट पाठव, पक्की शिलाई घालते. जाकीट या पत्रासोबतच्या पुडक्यात आहे. पण पुडकं उघडायच्या आधी पत्र शेवटपर्यंत वाच, ही कळकळीची विनंती. (तू आधी पुडकंच उघडलं असशील. निदान कात्री तरी खाली ठेव.) मुलाखतीच्या आदल्या दिवशी तू हे जाकीट बेतलंस तेव्हा वेळ नव्हता, म्हणून बाह्या लाल दोऱ्याने नुसत्या टाचल्यास आणि म्हणालीस, "नोकरी कायम झाली की पक्की शिलाई. तोवर कच्चा टाका." लाल दोरा का, असं मी विचारलं तर म्हणालीस, काळ्या कापडावर काळा कच्चा टाका घातला की तो विसरला जातो आणि गिऱ्हाईक तसंच लग्नाला जातं. हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं, तर पुढचं रामायण झालंच नसतं.

आता एक गोष्ट तुला एकटीला सांगते. हे पान बाबांना वाचून दाखवू नकोस. सहा महिन्यांपूर्वी मी घरी कळवलं की मी कायम झाले. ते कळवणं जरा लवकर झालं. म्हणजे साहेब "होईल" म्हणाले होते, बाबा फोनवर "झालं का?" विचारत होते, आणि त्या दोन वाक्यांमधलं अंतर मला त्या क्षणी फारच थोडं वाटलं. बाबांनी डेपोच्या फाटकावर येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला आत सोडण्याआधी ही बातमी सांगितली. ट्रक कुठवर जातात तुला ठाऊक आहे. आता निम्म्या जगाला मी कायम आहे असं माहीत आहे. माहीत नाही ते फक्त आमच्या कारखान्याला. कारखान्याच्या हिशेबी मी अकरा महिन्यांसाठी घेतलेली दुभाषी आहे आणि ती मुदत परवा, शुक्रवारी, संपत होती. कायम करण्याचं पत्र टाइप होऊन साहेबांच्या खणात पडलं होतं. फक्त सही राहिली होती. "जपानी पाहुण्यांचा गुरुवारचा दौरा पार पडू दे, की लगेच सही. होईल." म्हणजे माझी नोकरी आणि माझा खोटेपणा, दोन्हींचा निकाल एकाच गुरुवारी लागायचा होता.

साहेबांना सगळे होईलसाहेब म्हणतात. माणूस वाईट नाही. रजा मागा, होईल. पंखा मागा, होईल. त्यांच्या दारावर "प्रभारी व्यवस्थापक" अशी पाटी आहे आणि ते सहा वर्षं प्रभारीच आहेत, म्हणजे त्यांनाही वरून कुणीतरी "होईल" म्हणतंच असणार. आम्ही पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनवतो आणि त्यातले निम्मे एक जपानी कंपनी घेते. तिची माणसं दरवर्षी तपासणीला येतात. मोडकं दिसलं की त्यावर चिठ्ठी लावून गुण कापतात. पण त्या जागी आधीच "टेम्पररी" असं लिहिलेलं असेल तर गुण कापत नाहीत, असा शोध साहेबांना मागच्या वर्षी लागला. त्यांनी लगेच इंग्रजीत तो एकच शब्द छापून घेतला आणि कारखान्यात त्रेचाळीस ठिकाणी चिकटवला. यंदा येणाऱ्या बाईंना इंग्रजी वाचता येत नाही असं कळलं, म्हणून सोमवारी सकाळी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "या एका शब्दाचं जपानी करून दे. पाच मिनिटांचं काम."

आत्या, पाच मिनिटांचं काम सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे तू शिवणकामात शिकलीस आणि मी या आठवड्यात. तुला कुणी "एक कपडा शिवून दे" म्हटलं तर तू कुणासाठी, कशासाठी, हे विचारशील ना? तसंच हे. इंग्रजीत टेम्पररी म्हटलं की पाऊस, पूल, पत्ता आणि दुभाषी, सगळे एकाच गोणीत जातात. जपानीत तसं भागत नाही. एक शब्द आहे इचिजीतेकी. तो डोकेदुखीसारख्या गोष्टींसाठी, ज्या थोडा वेळ येतात आणि जातात. एक आहे रिन्जी, खास वेळेपुरतं जास्तीचं काही आणलं की. जास्तीची बस, किंवा मी. तिसरा कारी, पक्कं होईपर्यंतचं. (तुझ्या कच्च्या टाक्यालाही ते हाच शब्द जोडून कारीनुई म्हणतात. मला इतका आनंद झाला की मी जागेवरून उठले. बघायला कुणी नव्हतं.) आणि चौथा, कारखान्यांतला, झान्तेई. खरा इलाज ठरेपर्यंत चालवून घेतलेला इलाज. या चारांतला कुठला लावायचा हे शब्दकोश सांगत नव्हता. ते ती वस्तूच सांगणार होती. ती केव्हापासून तशी आहे आणि तिच्या जागी खरं काही येणार आहे का, एवढं कळलं पाहिजे होतं.

म्हणून मी वही घेऊन निघाले. (घरातली पहिली पदवीधर असल्याचा हा तोटा आहे. वही घेऊन निघायची हौस जात नाही.) तिसऱ्या लेथच्या पायाखाली वीट होती. जिन्याच्या कठड्याच्या जागी दोर होता. छप्पर गळतं तिथे बादली होती. ही बादली दोनदा बदलून झाली आहे आणि ती कुणी रिकामी करायची याची पाळी भिंतीवर लावली आहे, पण छपराचं नाव त्या कागदावर कुठे नाही. मी प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारले, केव्हापासून आणि केव्हापर्यंत. लोक माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी त्यांचं वय विचारत होते. आमचे फोरमन, तारकाका (खांद्यावर तारेचं भेंडोळं असल्याशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नाही, ते तारेने काहीही दुरुस्त करतात, एकदा तर त्यांनी चष्म्याची काडी आणि चहाच्या किटलीचा कान एकाच तुकड्यात भागवला), ते मला म्हणाले, "पोरी, टेम्पररीला कधी तारीख असते का? तारीख असती तर ते केव्हाच कायम झालं असतं." मी हे वहीत लिहून घेतलं आणि तीन वेळा वाचलं. अजून पुरतं उमगलेलं नाही.

आणि मग चार नंबरचा प्रेस. हा प्रेस वरून खाली येतो आणि पत्र्याला भोक पाडतो. समोर एक लोखंडी जाळी असायला हवी. जाळी मिटल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये म्हणून बाजूला एक खटका असतो. जाळी नव्हती. खटका तारेने दाबून बांधलेला होता, म्हणजे बिचाऱ्या प्रेसला जाळी मिटलेलीच आहे असं वाटत राहावं. तिथे मोठी ताई काम करते. (वयाने सगळ्यांत मोठी म्हणून, तिचं खरं नाव बहुधा हजेरीवाल्यालाच माहीत असेल.) ती हात आत घालते, पत्रा ठेवते, हात काढते, प्रेस येतो. मी म्हटलं, "ताई, भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "मी मोजते ना. एक आत, दोन बाहेर, तीन धाड." कधीपासून, असं विचारलं तर म्हणाली, "माझा धाकटा चौथीत होता. आता त्याला मिसरूड फुटलंय." केव्हापर्यंत, यावर तिने पुढचा पत्रा आत ठेवला. मी तिची बोटं मोजली, आत्या. मला लाज वाटली, पण मोजली. दहा होती.

मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं की चार नंबरवर मी यातला एकही शब्द लावू शकत नाही. ते म्हणाले, "अगं, तुला शब्द लावायला सांगितलाय, जाळी नाही." त्यांनी तोवर त्या कंपनीच्याच पुस्तिकेतला लेबलाचा नमुना पसंत करून ठेवला होता, कारण तो रुबाबदार दिसत होता. त्यात झान्तेई हा शब्द ठळक होता आणि खाली तीन चौकटी होत्या. केव्हापासून, केव्हापर्यंत, जबाबदार कोण. मी विचारलं, या भरायच्या ना? "रिकाम्या ठेव. शोभेला आहेत." मी म्हटलं, साहेब, त्यांच्याकडे या तीन चौकटींशिवाय तो शब्द वापरतच नाहीत. त्यांनी खण उघडला, माझं पत्र मला दिसेल इतकं वर काढलं, पुन्हा आत ठेवलं आणि खण लावून घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं.

पदवी मिळाल्यावर तुम्ही केलेल्या सत्कारात मी सत्यावर बारा मिनिटं बोलले होते. (तू सातव्या मिनिटाला झोपलीस हे मी वरून पाहिलं.) त्या बारा मिनिटांची शपथ घेऊन सांगते, मी गप्प बसले. बाबा आणि ते सगळे ट्रक डोळ्यांसमोर आले. बुधवारभर मी त्रेचाळीस लेबलं चिकटवली, तिन्ही चौकटी रिकाम्या. चार नंबरचं लेबल लावताना मोठी ताई म्हणाली, "छान दिसतंय. काय लिहिलंय?" मी म्हटलं, "थोड्या दिवसांत होईल." माझ्या तोंडून "होईल" निघालं, होईलसाहेबांच्याच सुरात.

गुरुवारी दहाला पाहुण्या बाई आल्या. मला वाटलं होतं चार-पाच माणसांचा ताफा असेल. एकट्याच होत्या, बुटक्या, केस पांढरे, पायात कापडी बूट, खिशात टॉर्च. त्या प्रत्येक लेबलापुढे थांबल्या. शब्द वाचला, मग रिकाम्या चौकटीवर एकेक बोट टेकवलं, एक, दोन, तीन, आणि वहीत काहीतरी लिहिलं. साहेब माझ्या कानाशी, "खूश दिसतात ना?" मी म्हटलं, "दिसत नाहीत." "नाराज दिसतात?" "तशाही दिसत नाहीत." दहाव्या लेबलानंतर साहेबांनी रुमाल काढला. विसाव्यानंतर तो खिशात परत गेलाच नाही.

चार नंबरला त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. हे केव्हापासून असं आहे? तेच मराठीत साहेबांना मी विचारलं. साहेब हसून म्हणाले, "सांग, गेल्या आठवड्यापासून. नवी जाळी मागवली आहे, होईल." मोठी ताई बाजूला उभी होती, हात पाठीमागे. तारकाका आपल्या भेंडोळ्याकडे बघत होते. दुभाष्याने दुसऱ्याचं बोलणं नेऊन पोचवायचं असतं, त्यात आपलं मीठ घालायचं नसतं, हे मला शिकवलेलं आहे. पण खोटं नेताना ते कुणाचं आहे हे तरी सांगता येतं. मी म्हटलं, "साहेब सांगत आहेत की गेल्या आठवड्यापासून." बाईंनी साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर बसल्या (त्यांचाही गुडघा वाजला, तुझी आठवण झाली), खटक्यावरच्या तारेवर टॉर्च धरला आणि नखाने ती जराशी खरवडली. मग त्या उठल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, हा हिरवा रंग फार छान आहे, केव्हा दिला?

रंगाचं नाव काढल्याबरोबर साहेब फुलले. "चार वर्षं झाली! सगळ्या कारखान्याला दोन हात! सांग त्यांना, चार वर्षांत एक पोपडा निघालेला नाही!" मी अक्षरन् अक्षर सांगत गेले, आणि पोपड्यापाशी पोचले तेव्हा मला ती तार दिसली. रोज बघत होते, पण दिसली तेव्हा. तार हिरवी होती. आमच्याकडे कुणी मोठं यायचं असलं की रंग लावतात, आणि रंग लावताना काही सोडत नाहीत. चार वर्षांपूर्वी रंगाऱ्याने प्रेसबरोबर ती टेम्पररी तारही मन लावून रंगवली होती, दोन हात. आत्या, तू लाल दोरा घालतेस तो याचसाठी गं.

बाईंनी पेन काढलं. पहिल्या चौकटीत लिहिलं, चार वर्षांहून अधिक. दुसरीत लिहिलं, आज, चार वाजता. घड्याळात पावणेबारा झाले होते. मग प्रेसचा विजेचा मुख्य खटका स्वतःच्या हाताने बंद केला आणि तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवून पेन पुढे धरलं. साहेबांनी पेन घेतलं आणि तारकाकांना दिलं. तारकाका म्हणाले, "यंत्र माझं, पण जाळी स्टोअरची," आणि स्टोअरकीपरला दिलं. स्टोअरकीपर म्हणाला, "जाळी नोंदीत नाही, जी वस्तू नोंदीत नाही तिची सही मी कशी करू?" आणि पेन परत साहेबांकडे आलं. साहेबांनी ते माझ्या हातात ठेवलं. "तूच लिही. तुला त्यांची लिपी येते." सगळ्यांचे चेहरे असे मोकळे झाले जणू लिपीचाच प्रश्न होता. मी मोठ्या ताईकडे पाहिलं. ती हातांकडे बघत होती. मी माझं नाव लिहिलं. मुदत संपायला एक दिवस राहिलेल्या रिन्जी दुभाषीकडे चार नंबरचा प्रेस आला.

आता जाळी कुठे शोधायची? स्टोअरमध्ये दोन तास गेले. शेवटी मोठी ताई म्हणाली, "ती होय? ती साहेबांच्या खिडकीला नाही का लावलेली?" खरंच की. कबुतरं आत येतात म्हणून साहेबांनी ती टेम्पररी नेली होती. म्हणजे इतकी वर्षं ती जाळी साहेबांचं कबुतरांपासून रक्षण करत होती. तारकाका स्टुलावर चढले, मी खालून आधार दिला, साहेब "जपून, जपून" म्हणत फायली झाकत राहिले. जाळी एकदम सुटली ती माझ्या अंगावर. बोटांना लागलं ते तेव्हा, आणि उजवी बाही तुझ्या लाल टाक्यावर उसवली तीही तेव्हाच. मागोमाग दोन कबुतरं आत आली. ती अजून आहेत.

तारकाकांना मी पहिल्यांदा भेंडोळं खाली ठेवून हातात पाना घेतलेलं पाहिलं. बिजागरी गंजली होती. अडीच झाले, तीन झाले. तेल, हातोडा, पुन्हा तेल. ते घामाघूम होऊन स्वतःशीच बोलत होते, "बांधायला दोन मिनिटं लागली होती गं, दोनच मिनिटं." पावणेचारला जाळी बसली. तार त्यांनी स्वतः तोडली आणि खिशात घातली. मोठ्या ताईने जाळी उघडी ठेवून प्रेसचं बटण दाबलं. प्रेस हलला नाही. पुन्हा दाबलं. "मेला ऐकतच नाही!" ती इतक्या आनंदाने ओरडली की शेजारचे प्रेस थांबले. मग जाळी मिटून दाबलं, आणि प्रेस आला. ती अजूनही "एक आत, दोन बाहेर" म्हणते. म्हणाली, सवय आहे, जाईल हळूहळू.

चारच्या ठोक्याला बाई आल्या, त्यांनीही उघडी जाळी ठेवून बटण दाबून पाहिलं, आणि लेबल काढून माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, राहिलेल्या बेचाळीस लेबलांच्या चौकटी उद्या दुपारपर्यंत भरा, आणि ज्याचं नाव लिहाल ते काम संपेपर्यंत बदलता येणार नाही. शुक्रवारी पेन पुन्हा कारखानाभर फिरलं आणि पुन्हा माझ्याकडेच येऊन थांबलं. साहेब म्हणाले, "तुझा हात बसलाय आता." वीट, दोर, छप्पर, सगळ्यांवर माझं नाव आहे. छपराची तारीख सगळ्यांत लांबची, दहा महिन्यांनंतरची. साहेबांनी खण उघडला, कायमचं पत्र काढलं आणि ते फाडलं. मग दुसरं टाइप करवलं, कारण लेबलांवर माझं नाव असेपर्यंत मला काढताही येत नव्हतं. बेचाळीस कामं संपेपर्यंत मुदतवाढ, टेम्पररी. त्यावर मात्र सही केली, तारखेसकट. त्यांच्या हातून तारीख पडलेली मी पहिल्यांदा पाहिली. सही करताना एक कबुतर फायलीवर बसलं होतं, पण त्यांनी त्याला हाकललं नाही.

तर असं आहे. मी कायम झालेले नाही, आणि का कोण जाणे, मला झोप चांगली लागते. आईला नमस्कार, तुझा गुडघा सांभाळ.

तुझी,
दहा महिन्यांची भाची

ता. क. जाकिटाला पक्की शिलाई नको. उजवी बाही परत कच्चाच टाका घालून लाव, लाल दोऱ्याने, आणि जरा ठळक, बाहेरून दिसेल असा.

ता. क. २. बाबांना तू सांगशील का? तू थोरली बहीण. तुझ्यापुढे ते आवाज चढवत नाहीत. खोकला थांबल्यावर, हळूच, जमेल तेव्हा सांग.

ता. क. ३. वरचं "जमेल तेव्हा" वाचून मीच दचकले. ते खोडलेलं समज. चार नंबरचं लेबल जाकिटाच्या खिशात आहे, त्याच्या पाठीमागे बघ. केव्हापासून: सहा महिने. केव्हापर्यंत: पुढचा रविवार, दुपारी चार, बाबा तुझ्याकडे चहाला येतात तेव्हा. जबाबदार: मी. मी येते आहे. तू फक्त शेजारी बस आणि मी सांगत असताना मशीन चालवत राहा, जरा जोरात.

ता. क. ४. नको. मशीन बंदच ठेव.